कोणाचाही मिंधा नसलेला माणूस

मराठीत 'मिंधा' हा एक विलक्षण शब्द आहे. ऋणी, उपकृत, आश्रित, पराधीन हे सारे अर्थ त्याच्या आसपास वावरतात, पण त्यांपैकी एकही त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक कर्जदार मिंधा असतोच असे नाही आणि मिंधा माणूस कर्जदार असलाच पाहिजे असेही नाही. ज्याच्यासमोर आपली मान आपोआप खाली जाते, ज्याच्याविरुद्ध बोलायची वेळ आली की जीभ अडखळते, त्याचे आपण मिंधे असतो. अठराव्या शतकातल्या अमेरिकन राजकीय विचारांविषयी, विशेषतः थॉमस जेफरसनविषयी, गेली काही वर्षे जे वाचन झाले त्यात हा शब्द मला सतत सोबत करत राहिला. जेफरसनच्या साऱ्या राजकारणाचा गाभा, माझ्या समजुतीप्रमाणे, एका वाक्यात सांगता येतो : जो कोणाचाही मिंधा नाही त्यालाच स्वतंत्र राहता येते, आणि असा माणूस केवळ स्वतःच्या जमिनीवरच उभा राहू शकतो.

मी मराठीचा अध्यापक. अमेरिकेचा इतिहास हा माझा विषय नव्हे. या वाटेला मी लागलो तो महात्मा फुल्यांमुळे. 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ फुल्यांनी अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आहे, कारण त्यांनी आपल्या देशातील कृष्णवर्णीय गुलामांना दास्यातून मुक्त केले. फुल्यांच्या वैचारिक घडणीत टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा वाटा मोठा होता, हेही आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पुण्यात बसून फुल्यांनी जिला वंदन केले ती अमेरिका मुळात कशी होती, हे पाहावे म्हणून मी पेनवरून त्याच्या समकालीनांकडे गेलो. तेथे जो माणूस भेटला तो शेतकऱ्याचा जगातला बहुधा सर्वांत प्रभावी स्तुतिपाठक होता. आणि त्याच्या शेतात राबणारी माणसे त्याच्या मालकीची होती. या विसंगतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र ती केवळ ढोंग म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न माझ्या घरातलाही आहे.

जेफरसनचे 'नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया' हे पुस्तक एका प्रश्नावलीतून जन्मले. १७८० साली फिलाडेल्फियातील फ्रेंच वकिलातीचा सचिव फ्रांस्वा बार्बे-मार्ब्वा याने अमेरिकेतील राज्यांची माहिती मिळवण्यासाठी काही प्रश्न पाठवले. व्हर्जिनियाविषयीची उत्तरे जेफरसनने दिली. नद्या, पर्वत, खनिजे, पशुपक्षी, कायदे, धर्म अशी २३ प्रकरणे झाली. १७८५ मध्ये पॅरिसला ती खाजगीरीत्या छापली गेली आणि १७८७ मध्ये लंडनहून जाहीरपणे प्रसिद्ध झाली. (हे बार्बे-मार्ब्वा नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.) एकोणिसावे प्रकरण कारखानदारीवरचे आहे आणि अगदी छोटे आहे. विचारणाऱ्याला बहुधा कारखान्यांची संख्या हवी होती. जेफरसनने त्याला एक नीतिशास्त्र दिले. भूमीत राबणारे लोक हेच ईश्वराचे निवडलेले लोक आहेत, असे तो म्हणतो. स्वतःच्या मातीकडे आणि स्वतःच्या श्रमाकडे पाहून जगणारा माणूस भ्रष्ट होत नाही. गिऱ्हाइकाच्या लहरीवर ज्याचे पोट अवलंबून आहे तो मात्र आधी लाचार होतो, मग विकाऊ होतो आणि शेवटी कोणा महत्त्वाकांक्षी पुरुषाच्या हातचे हत्यार बनतो. तेव्हा कारखाने युरोपातच राहू द्यावेत, आपण धान्य पाठवावे आणि वस्तू मागवाव्यात.

हे भावगीत आहे असे वाटण्याचा संभव आहे. शेतकऱ्याच्या जीवनाची अशी गोड वर्णने आपल्याकडेही कमी नाहीत. पण जेफरसनचे प्रतिपादन केवळ काव्यात्म नाही, हे समजण्यासाठी त्या काळातल्या व्हर्जिनियातील निवडणूक डोळ्यांसमोर आणावी लागते. तेथे मतदान गुप्त नव्हते. मतदार पुढे येई आणि शेरीफ, उमेदवार व जमलेले लोक यांच्यासमक्ष मोठ्याने नाव उच्चारून मत देई. ज्याची जमीन आपण खंडाने कसतो तो मालक, ज्याची उधारी थकली आहे तो व्यापारी, असे सारे तेथे हजर असणार. अशा ठिकाणी ज्याला कोणाची भीती बाळगायची नाही, त्याचेच मत त्याचे स्वतःचे. मतदानाचा हक्कच मुळी जमीनमालकीशी जोडलेला होता, आणि त्यामागे वरच्या वर्गाचा स्वार्थ असला तरी हे तर्कशास्त्रही होते. जेफरसनचे वेगळेपण असे की या तर्कातून त्याने उलटा निष्कर्ष काढला. जमीन नसलेल्याला मत देऊ नये, असे इतर म्हणत होते. १७७६ साली व्हर्जिनियाच्या राज्यघटनेचा मसुदा करताना त्याने सुचवले की ज्याच्याकडे ५० एकर जमीन नाही अशा प्रत्येक प्रौढाला तेवढी जमीन देण्यात यावी. ती सूचना स्वीकारली गेली नाही.

मर्यादित शासनाची कल्पना याच तर्काची दुसरी बाजू आहे. आज 'सरकार लहान असावे' हे वाक्य आपण बहुधा उद्योगपतींच्या किंवा अर्थतज्ज्ञांच्या तोंडून ऐकतो. अठराव्या शतकातल्या त्या अमेरिकन शेतमालकांना हे वाक्य ज्या अनुभवातून सुचले तो निराळा होता. इंग्लंडमध्ये त्यांनी एक साखळी पाहिली होती : युद्धासाठी राजा कर्ज काढतो, कर्जाच्या व्याजासाठी कर वाढतात, कर गोळा करायला अधिकारी लागतात, अधिकारपदे वाटता येतात म्हणून पार्लमेंटातील सभासद विकत घेता येतात, आणि कर्जरोखे बाळगणाऱ्यांचा एक वर्ग तयार होतो, ज्याचे हित कर वाढण्यातच असते. म्हणजे मोठे सरकार हे मिंधी माणसे निर्माण करणारे यंत्र आहे, अशी त्यांची धारणा होती. शेतकरी स्वतंत्र राहावा म्हणून सरकार लहान हवे, आणि सरकार लहान राहावे म्हणून शेतकरी स्वतंत्र हवा. या दोन गोष्टी एकमेकींना धरून उभ्या होत्या.

परंतु यातले एक टोक सैल होते. शेतकऱ्याकडे मुळात जमीनच नसेल तर काय? १७८५ च्या ऑक्टोबरात जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचा वकील होता. राजा शिकारीसाठी फाँतेनब्लोला जाई, तेव्हा दरबार आणि परदेशी वकीलही तिकडे जात. तेथे फिरायला गेला असताना त्याला वाटेत एक गरीब स्त्री भेटली. त्याने तिला तिच्या परिस्थितीविषयी विचारले. दिवसाची मजुरी आठ सू, पदरात दोन मुले; वर्षाचे घरभाडे भरायलाच ७५ दिवसांची मजुरी जायची. पुष्कळदा काम नसे, तेव्हा भाकरीही नसे. निरोप घेताना त्याने तिला २४ सू दिले, तर तिला रडू कोसळले. त्या दिवशी त्याने जेम्स मॅडिसनला जे पत्र लिहिले ते मला त्याच्या साऱ्या लेखनात सर्वांत प्रामाणिक वाटते. देशात पडीक जमीन आहे आणि बेकार गरीबही आहेत, याचा अर्थ मालमत्तेच्या कायद्यांनी माणसाच्या नैसर्गिक हक्कावर अतिक्रमण केले आहे, असे तो म्हणतो. लहान मालमत्तेला करमाफी द्यावी आणि मोठ्या मालमत्तेवर चढत्या श्रेणीने कर बसवावा, असा उपायही सुचवतो. मर्यादित शासनाच्या या पुरस्कर्त्याला येथे शासनाची गरज भासली आहे. जमीन वाटण्यासाठी कोणीतरी लागतोच.

माझ्या वडिलांची मराठवाड्यात नऊ एकर कोरडवाहू जमीन होती. ज्वारी, तूर, थोडा कापूस. जेफरसनच्या हिशेबाने ते स्वतंत्र शेतकरी होते : जमीन स्वतःची, श्रम घरचे, आणि कोणाची चाकरी नाही. "आपण कुणाचे मिंधे नाही," हे त्यांचे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला घराच्या उंबऱ्यासारखे ओळखीचे वाटते. विहिरीसाठी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले. विहिरीला पाणी बेताचेच लागले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. त्यात कर्जाचा बोजा चढला आणि तो वीस वर्षे तेथेच राहिला. दरवर्षी मार्चअखेरीस जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि नवे उचलायचे, एवढीच हालचाल. वाक्य तेच राहिले. पण सोसायटीच्या सचिवासमोर ते बाकावर टेकत नसत, उभेच राहत, हे मी पाहिले आहे. निवडणुकीत मत कोणाला द्यायचे हेही त्या दारातच ठरत असे. आपल्याकडे मतदान गुप्त असते, हे खरे, तरीही.

तो बोजा शेवटी उतरला तो कापसाने नव्हे. नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवल्यानंतर मला अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ नेमणूक मिळाली, आणि शासनाच्या पगारातून ते कर्ज फिटले. ज्या नोकरदारीकडे जेफरसनने संशयाने पाहिले, तिने आमची जमीन सोडवली. जमिनीने माणसाला स्वतंत्र करावे अशी त्याची अपेक्षा. आमच्या घरी पगाराने जमिनीला स्वतंत्र केले. म्हणून त्याचे एकोणिसावे प्रकरण मला नुसते इतिहास म्हणून वाचता येत नाही.

खुद्द अमेरिकेतही हा पेच फार लवकर उघडा पडला. स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा तेथले मध्यवर्ती शासन जगातल्या कोणत्याही शासनापेक्षा दुबळे होते. १७८१ मध्ये अमलात आलेल्या संघराज्याच्या करारानुसार काँग्रेसला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. मर्यादित शासनाचा हा आदर्शच म्हणायला हवा. पण १७८६ साली पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी राज्य सरकारचे कर आणि सावकारांची देणी यांखाली दबून गेले. रोख पैसा दुर्मीळ झाला होता, न्यायालये जप्तीचे हुकूम काढत होती. तेव्हा डॅनियल शेज आणि इतर माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली त्यांनी न्यायालयांचे कामकाजच बंद पाडले. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा त्यांच्या मनात जे होते तेच येथेही होते : माणसाला नव्हे, कागदाला संपवायचे. पॅरिसहून जेफरसनने या बंडाकडे बऱ्याच सौम्यपणे पाहिले. अधूनमधून असे एखादे बंड व्हावे, ते शासनाच्या प्रकृतीला चांगले असते, असे त्याचे मत होते. फिलाडेल्फियात १७८७ साली जमलेल्या घटनाकारांना तसे वाटले नाही. नव्या, अधिक बळकट राज्यघटनेमागे या बंडाची धास्तीही होती.

नव्या शासनाचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने पुढे जे केले ते जेफरसनच्या दुःस्वप्नातली साखळी एकेक कडीने उभारण्यासारखे होते : राज्यांची युद्धकर्जे केंद्राने स्वीकारली, राष्ट्रीय बँक निघाली, १७९१ मध्ये कारखानदारीला उत्तेजन देणारा अहवाल सादर झाला, आणि व्हिस्कीवर अबकारी कर बसला. या करात गंमत अशी की तो चैनीवरचा कर वाटत होता, पण ॲपालेशियन पर्वतापलीकडच्या शेतकऱ्याला धान्य घाटातून पलीकडे नेणे परवडत नसे. त्याची दारू गाळली तर तेच धान्य थोड्या जागेत घोड्यावर लादून नेता येई. त्याच्यासाठी व्हिस्की हे पीकही होते आणि चलनही. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झाले. ते मोडायला अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे १३ हजारांची फौज घेऊन निघाला. बंडखोर फौज पोचण्याआधीच पांगले होते.

हॅमिल्टनला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्याचेही म्हणणे समजून घेतले पाहिजे. वेस्ट इंडीजमधल्या बेटावर अनाथ म्हणून वाढलेल्या, दुकानात कारकुनी केलेल्या या माणसाकडे वडिलोपार्जित जमीन नव्हती. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना वर यायला व्यापार, कारखाने, नोकऱ्या या वाटा हव्यात, हे त्याला स्वानुभवाने ठाऊक होते. त्याने शिक्षण घेतलेले न्यूयॉर्कचे किंग्ज कॉलेज म्हणजेच पुढचे कोलंबिया विद्यापीठ, जेथे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर शिकले. १९१८ मध्ये आंबेडकरांनी भारतातील लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि त्यात सांगितले की शेतीचा रोग शेतीत बरा होणारा नाही. जमिनीवर जगणाऱ्यांची संख्या कमी व्हावी यासाठी औद्योगिकीकरण हवे. गावाची आणि शेतीची महती गाणाऱ्यांचा त्यांनी पुढेही कधी मुलाहिजा ठेवला नाही. जमिनीचा तुकडा माणसाला स्वतंत्र करतो हे विधान करताना तो तुकडा केवढा आहे आणि तो कोणाच्या वाट्याला येतो, हे विचारावे लागते.

तरीही जेफरसनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर मर्यादित शासनाचा आग्रह हा केवळ जमीनदारांचा हट्ट वाटेल. १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध होण्याच्या वातावरणात सत्ताधारी पक्षाने राजद्रोहाचा कायदा केला. शासनावर टीका करणारे संपादक तुरुंगात गेले. व्हर्माँटचा मॅथ्यू लायन हा काँग्रेसचा सभासदही गेला आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. जेफरसनने गुप्तपणे केंटकी राज्यासाठी याविरुद्धच्या ठरावाचा मसुदा लिहिला. शासनाचे अधिकार लिहून दिलेले असावेत आणि त्यापलीकडे त्याने जाऊ नये, हे तत्त्व किती मोलाचे आहे हे ज्याने कधी सेन्सॉर अनुभवला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

१८०१ मध्ये जेफरसन अध्यक्ष झाला. देशांतर्गत सारे कर, व्हिस्कीवरच्या करासह, १८०२ मध्ये रद्द झाले. सैन्य कमी केले गेले. आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज सुमारे ८.३ कोटी डॉलरवरून ५.७ कोटींवर आले. विचार आणि आचार यांचा असा मेळ राजकारणात क्वचित दिसतो. पण याच काळात त्या विचाराने आपली किंमतही सांगितली. शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक टिकायचे तर प्रत्येक नव्या पिढीला नवी जमीन हवी. १८०३ मध्ये नेपोलियनने लुइझियानाचा सारा प्रदेश विकायला काढला : सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, दीड कोटी डॉलरना. फ्रान्सच्या वतीने सौदा करणारा मंत्री होता बार्बे-मार्ब्वा. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या प्रश्नांना उत्तर देताना जेफरसनने शेतकऱ्यांची स्तुती केली होती, त्याच माणसाने आता त्या शेतकऱ्यांसाठी जमीन मोजून दिली. असा प्रदेश विकत घेण्याचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला दिलेला नाही, असे जेफरसनला वाटत होते; त्याने घटनादुरुस्तीचा मसुदाही केला आणि मग उशीर होईल या भीतीने तो गुंडाळून ठेवला. खरेदीचा मोठा भाग कर्जरोखे काढून भागवला गेला. लहान सरकारच्या कल्पनेला जगवण्यासाठी मोठ्या सरकारचे सर्वांत मोठे कृत्य करावे लागले.

ती जमीन रिकामी नव्हती, हे सांगायला नकोच. याच वर्षी, २७ फेब्रुवारी १८०३ रोजी, जेफरसनने इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला एक खाजगी पत्र लिहिले. मूलनिवासी जमातींची जमीन कशी मिळवावी याचा उपाय त्यात आहे. सरकारी व्यापारी कोठ्या वाढवाव्यात, जमातींतल्या वजनदार माणसांना उधारीवर माल घेऊ द्यावा. देणे आवाक्याबाहेर गेले की ते आपण होऊन जमीन सोडून देतात. हे पत्र प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. कर्ज माणसाचे काय करते हे न जाणणाऱ्याने ते लिहिले असते तर ती साधी क्रूरता ठरली असती. पण याच माणसाने १७८९ मध्ये मॅडिसनला लिहिले होते की पृथ्वी जिवंतांची आहे, मेलेल्यांचा तिच्यावर हक्क नाही. म्हणून एका पिढीने काढलेले कर्ज १९ वर्षांनंतर पुढच्या पिढीला बंधनकारक असू नये. मिंधेपण म्हणजे काय हे जगात सर्वांत नेमके ज्याला समजले होते, त्याने ते ज्ञान हत्यार म्हणून दुसऱ्यांवर वापरले.

आणि तो स्वतः? सासरा जॉन वेल्स १७७३ मध्ये वारला तेव्हा जेफरसन दांपत्याकडे हजारो एकर जमीन, १३५ गुलाम आणि एक प्रचंड कर्ज आले. ते कर्ज, पुढे त्यात पडलेली भर, माँटिसेलोचे सतत पाडून बांधलेले घर, पुस्तके, दारू, पाहुणे, या सगळ्यांतून तो कधीच बाहेर पडला नाही. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तो मरण पावला. तेव्हा एक लाख डॉलरहून अधिक देणे शिल्लक होते. १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलोच्या आवारात लिलाव झाला. फर्निचर, जनावरे, शेतीची अवजारे आणि १३० माणसे. जोसेफ फॉसेट हा तेथला लोहार. मृत्युपत्रात जेफरसनने ज्या पाच जणांना मुक्त केले त्यांत त्याचे नाव होते. त्याची बायको एडिथ, जी अध्यक्षांच्या निवासात फ्रेंच स्वयंपाक शिकली होती, आणि त्यांची मुले मात्र त्या लिलावात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकली गेली. मालक कोणाचा मिंधा असला की त्याच्या मिंधेपणाची किंमत शेवटी कोण मोजतो, हे या एका कुटुंबाच्या कथेत दिसते.

येथे लेख संपवता आला असता, आणि असे लेख बहुधा येथेच संपतात : थोर विचार, खोटा विचारवंत. पण विचाराचा पुढचा प्रवास पाहिला की हा निकाल अपुरा वाटतो. १२ जानेवारी १८६५ रोजी, यादवी युद्ध संपत आले असताना, जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना व चर्चच्या पुढाऱ्यांना बोलावून विचारले, तुम्हाला काय हवे? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलला. वय ६७. काही वर्षांपूर्वी त्याने हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतले होते. त्याने सांगितले की आम्हाला जमीन हवी. ती आम्ही आमच्या श्रमाने कसू, स्वतःला सांभाळू आणि चार पैसे बाजूलाही टाकू. जेफरसनच्या एकोणिसाव्या प्रकरणाचा आशय याहून शुद्ध रूपात कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही. चार दिवसांनी शर्मनने किनारपट्टीची जमीन जास्तीत जास्त ४० एकरांच्या तुकड्यांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यावी असा हुकूम काढला. जूनपर्यंत सुमारे ४० हजार माणसे तेथे वसली. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. ऑक्टोबरात एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये जनरल हॉवर्डला जमलेल्या लोकांना ते सांगावे लागले. पुढच्या फेब्रुवारीत, मुक्त झालेल्यांना साहाय्य करणाऱ्या खात्याची मुदत आणि अधिकार वाढवणारे विधेयक जॉन्सनने नाकारले. कारणे दिली ती घटनाबाह्यतेची आणि खर्चाची. म्हणजे मर्यादित शासनाचीच.

या दोन प्रसंगांत तो जुना विचार मधोमध चिरला गेला. 'शासन लहान असावे' हा अर्धा भाग जॉन्सनच्या हाती राहिला आणि 'माणूस कोणाचा मिंधा नसावा' हा अर्धा फ्रेझरच्या. पहिल्या भागाला दुसऱ्याचे साधन म्हणून अर्थ होता. एकटा उरला तेव्हा तो मालकांच्या कामी आला.

फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८० च्या दशकाच्या आरंभी. सरकारी अंमलदार, कारकून, कर, कोर्टकचेऱ्या यांनी शेतकऱ्याला कसे नागवले याचे वर्णन त्यात इतके जळजळीत आहे की जेफरसनच्या कोणत्याही अनुयायाने ते आपले म्हणावे. पण फुले तेथे थांबत नाहीत. सरकारने बांध घालावेत, पाणी अडवावे, शेतात खतासारखी उतरणारी माती वाहून जाऊ देऊ नये, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे, अशा मागण्याही ते त्याच पुस्तकात करतात. त्यांना सरकार लहान की मोठे हा प्रश्न पडलेला नाही. ते कोणाच्या हातात आहे आणि त्याच्यासमोर शेतकऱ्याला किती वाकावे लागते, हा पडला आहे. माझ्या मते जेफरसनच्या वारशातून जपण्यासारखे जे आहे ते असे फुल्यांच्या मार्गाने जपता येते. शासनाची प्रत्येक योजना, प्रत्येक माफी, प्रत्येक अनुदान आणि प्रत्येक माघार यांना एकच प्रश्न विचारावा : याने माणसाची मान वर होते की खाली जाते? कर्जमाफी देणारे सरकार मोठे असते, पण माफीच्या यादीत नाव यावे म्हणून ज्याला दहा दारांत उभे राहावे लागते तो शेतकरी अधिकच मिंधा होतो. बाजारातून अंग काढून घेणारे सरकार लहान असते, पण त्याने सोडलेल्या जागेत व्यापारी आणि सावकार येऊन बसला तर मिंधेपण तेवढेच राहते. केवळ दार बदलते.

मी स्वतः पगारदार आहे. पगारी माणूस बोलण्याआधी क्षणभर थांबतो, शब्द चाचपतो, हे मला ठाऊक आहे. जेफरसनने वर्णिलेली ती लाचारी इतरांच्याच वाट्याला येते असे समजण्याचे कारण नाही. सातबारा आता माझ्या नावावर आहे आणि 'इतर हक्क' हा रकाना कोरा आहे. ती नऊ एकर भावकीतला एक जण बटाईने कसतो. त्याच्यासमोर मी मालक असतो, आणि बी-बियाण्यासाठी मागच्या जूनमध्ये त्याने माझ्याकडून उचल घेतली तेव्हा तो बाकावर टेकला नाही, उभाच राहिला.